स्क्रीनशॉट म्हणजे जतन नव्हे



"स्क्रीनशॉट काढून ठेवलाय की, आणखी काय हवं?" मराठी संस्थांच्या जुन्या वेबसाइट्स जतन करण्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारे आपल्यासारखेच, संगणकापुढे आयुष्य घालवलेले. म्हणूनच मला जास्त राग येतो.

चित्रांचा मोह जुना आहे. फ्रान्सच्या 'कार्टू' या सर्च इंजिनने शोधाचे निकाल नकाशासारखे मांडले. ते २०१० मध्ये बंद पडलं. 'सर्चमी'ने पानांची चित्रं अल्बमसारखी चाळायला दिली. २००८ मध्ये आलं, २००९ मध्ये गेलं. गूगलनेही निकालाशेजारी पानाचं चित्र दाखवण्याची सोय २०१० मध्ये आणली आणि २०१३ मध्ये काढून टाकली. नकाशा असो की अल्बम, शोध चालत होता तो शब्दांवरच.

पानाचं चित्र तयार कसं होतं? सर्व्हरवर पडद्याविना चालणारा ब्राउझर पान उघडतो, त्यातला कोड चालवतो आणि जे उमटेल ते पिक्सेलमध्ये साठवतो. पानाने स्वतःचा फॉन्ट सोबत आणला नसेल, तर अक्षरं त्या यंत्रावरच्या फॉन्टमधून येतात. मी एका लिनक्स सर्व्हरवर मराठी पानाचं चित्र काढलं, तर मथळ्यापासून तळापर्यंत नुसते चौकोन! इंग्रजी मेन्यू तेवढा ठसठशीत. 'नोटो' हा मुक्त फॉन्ट बसवला आणि पाच मिनिटांत मराठी उमटली. अडचण तंत्राची नव्हतीच. यंत्र बसवणाऱ्याला देवनागरीची आठवण झाली नव्हती, आणि तो बसवणारा मीच होतो.

चित्राला माझा सरसकट विरोध नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीची अनेक मराठी पानं रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवणाऱ्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट हरवला की उरतो रोमन अक्षरांचा कचरा. अशा पानाचं तेव्हा काढलेलं चित्र आज मोलाचं आहे, पण त्यातला मजकूर कुणीतरी युनिकोडमध्ये उतरवला तरच तो शोधात सापडेल.

आणि दृष्टिहीन वाचकाचं काय? त्याचा स्क्रीन रीडर नुसत्या चित्रापुढे मुका होतो. ओसीआर सुधारलंय, हे मान्य. तरी जोडाक्षरं, अनुस्वार अजून चुकतात. मूळ मजकूर हाताशी असताना आधी त्याचं चित्र करायचं आणि मग त्यातून मजकूर उकरून काढायचा, हा कसला द्राविडी प्राणायाम?

तेव्हा क्रम असा हवा: आधी युनिकोडमधला मजकूर, सोबत मूळ पानाच्या फाइली आणि फॉन्ट, मग चित्र. समतेच्या गोष्टी करणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं. नाहीतर आपण जतन केलेली मराठी म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. येणारा-जाणारा हात जोडेल, पण त्याच्याशी बोलता कुणालाच येणार नाही.