एका वचनाच्या मागचे-पुढचे

गेल्या आषाढातील गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना नळदुर्गच्या पलीकडे राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही तेच म्हणतो. वय ७४. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्यांना उठवून बसवणे, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे हे सारे गुरुजी एकटेच करतात. त्यांच्या सेवेमुळे चार वर्षांत बाईंच्या पाठीवर एकही शय्याव्रण झालेला नाही; पुष्कळ मोठ्या रुग्णालयांनाही हे साधत नाही.

"हिचं डोकं सकाळपासून दुखतंय असं वाटतं. सारखा कपाळाला हात लावते. येऊन जाता का?"

मी गेलो. रक्तदाब २००/११० होता. औषधांचा डबा पाहिला, तर तीन आठवड्यांच्या गोळ्या जशाच्या तशा! कारण विचारले तेव्हा गुरुजींनी थोडा वेळ घेतला आणि मग मान खाली घालून सांगितले. गुरुजींचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. महिन्यापूर्वी बाहेरगावचे कोणी गृहस्थ प्रार्थनेसाठी आले होते. त्यांनी पवित्र शास्त्रातील याकोबाच्या पत्राचे शेवटचे पान उघडून एका वचनावर बोट ठेवले. विश्वासाने केलेली प्रार्थना आजारी माणसाला वाचवते, अशा अर्थाचे ते वचन आहे. गोळी घेणे म्हणजे देवावर संशय घेणे, ही पुस्ती मात्र त्या गृहस्थांची स्वतःची.

मी संतापलो आणि बोलू नये ते बोलून गेलो. ज्या ग्रंथावर तो माणूस आयुष्यभर उभा आहे, त्या ग्रंथालाच मी दोष दिला. अंथरुणावरून बाई हे ऐकत होत्या. त्यांना बोलता येत नाही, पण ऐकलेले सारे समजते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. औषधे पुन्हा सुरू करून दिली, रात्री दोन वेळा रक्तदाब पाहिला, पण घरी आल्यावर झोप लागली नाही. रुग्णाच्या श्रद्धेवर हात उगारून त्याच्या गळी औषध उतरवता येत नाही, हे तीस वर्षांच्या वैद्यकीनंतर मला ठाऊक असायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना म्हणालो, "ते पान मला दाखवा. पण तेवढेच वचन नको, सगळे पत्र वाचू."

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण असे, आणि एखाद्याने मधलीच ओवी उचलून वाद घातला की वडील म्हणत, "आधी मागच्या दहा ओव्या वाच, मग बोलू." ही शिस्त मी घरून आणली होती. गुरुजींकडे तर तिचे अधिक नेमके रूप होते. त्यांनी ३५ वर्षे मराठी शिकवले. दरवर्षी शेकड्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आणि प्रत्येकीत तो एक प्रश्न असायचाच: संदर्भासह स्पष्टीकरण करा. हे वाक्य कोणी म्हटले, कोणाला म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले, त्याच्या आधी काय घडले. ज्याने निव्वळ वाक्य उतरवून काढले, त्याला गुरुजींनी कधी एकही गुण दिला नाही. "आणि मी स्वतः मात्र संदर्भ न पाहताच उत्तर लिहून मोकळा झालो," असे म्हणून ते कडवट हसले.

याकोबाचे पत्र लहान आहे. पाच अध्याय आणि १०८ वचने. (हा आकडा मोजून मला जरा गंमत वाटली, आमच्या आजीच्या जपमाळेतही तेवढेच मणी होते.) मोठ्याने सावकाश वाचले तरी अर्ध्या तासात संपते. गुरुजी भिंगातून वाचत होते आणि मी बाईंच्या उशाशी बसून ऐकत होतो. दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग येतो. कोणी उघडानागडा, उपाशी माणूस दारी आला, त्याला आपण नुसता आशीर्वाद दिला, ऊब मिळो, पोट भरो असे म्हणून वाटेला लावले आणि अंगावर घालायला वा खायला काहीच दिले नाही, तर त्या शब्दांचा उपयोग काय, असे लेखक विचारतो. कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव आहे, हा त्याचा सिद्धान्त. गुरुजी तिथे थांबले. भिंग खाली ठेवून डब्यातील गोळ्यांकडे त्यांनी पाहिले. मला काही बोलण्याची गरज उरली नाही.

आता शेवटच्या अध्यायातील ते वचनही नीट पाहू. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घ्यावे, त्यांनी त्याच्यावर तेल लावून प्रार्थना करावी, असे तिथे सांगितले आहे. त्या काळी तेल हे औषधही होते. दयाळू शोमरोनी वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालून त्या बांधतो, ती कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. औषध सोडा, असे त्या अध्यायात कुठेही म्हटलेले नाही. आजारी माणसाला एकटे टाकू नका, असे मात्र अगदी स्पष्ट म्हटलेले आहे. आणि गुरुजींच्या घरी नेमके उलट झाले होते. प्रार्थना झाली, गोळ्या गेल्या, आणि चार वर्षांत बाईंजवळ एक रात्र बसायला मात्र कोणी आले नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुजींनी एक वही घातली. शाळामास्तरांची सवय! राजा हिज्कीयाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप बांधायला सांगितला, ते एक टिपण. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, हे दुसरे. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडे म्हणून पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, हे तिसरे. (या टिपणाचा आधार घेऊन कोणी माझ्याकडे मद्याची चिठ्ठी मागायला येऊ नये.) सर्वांत महत्त्वाचे मला वाटले ते हे: खुद्द पौलाच्या शरीरात सलणारा एक काटा होता. तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, आणि तो गेला नाही. तेव्हा बरे न होणे हा विश्वास कमी असल्याचा पुरावा ठरत नाही. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी ख्रिस्ती रुग्णांच्या मनावरचे ओझे एवढ्या एका संदर्भाने हलके होईल.

धर्मग्रंथातील शब्दाचा अर्थ सामान्य माणसाला नीट कळावा, याची तळमळ आपल्या मराठी मुलखात एका स्त्रीने आयुष्य वेचून दाखवली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बायबलचे भाषांतर हाती घेतले तेव्हा आधीची मराठी भाषांतरे उपलब्ध होतीच. पण त्यांतील भाषा आश्रमातील साध्या, अल्पशिक्षित बायकांना जड जाते, हे त्यांना दिसले. संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासल्या आणि मूळ शब्दापर्यंत जाऊन सोप्या मराठीत तो आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपल्या. डॉक्टरच्या नजरेने मी त्यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहतो तेव्हा थक्क होतो. ऐकू येणे फार कमी झाले होते, शरीर थकले होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

अभ्यासाचा दुसरा मार्ग कानांचा आहे, आणि तो मला बाईंनी दाखवला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंगाची, भजनाची चाल आणली. त्यांची अनेक गीते 'उपासना संगीत' या पुस्तकातून मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. एका रविवारी गुरुजींनी त्यांतील एक भजन सहज गुणगुणले आणि चार वर्षांत ज्यांच्या तोंडून 'पाणी' हा शब्दही निघाला नव्हता, त्या बाई ध्रुपदाचे शब्द त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या! गुरुजी धावत सांगायला आले. याला चमत्कार म्हणायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट परिचयाची आहे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या आघाताने वाचा गेली तरी लहानपणापासून पाठ झालेली गाणी, प्रार्थना, पाढे पुष्कळदा शाबूत राहतात, कारण ठरावीक चालीवर म्हणायचे शब्द आणि जुळवून बोलायचे शब्द मेंदू सारख्याच वाटेने हाताळत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी हे अवश्य करून पाहावे, मग घरातील गाणे हरिपाठाचे असो, नातचे असो वा ख्रिस्ती भजनाचे. रुग्णाला उशांच्या आधाराने बसते करावे, लय संथ ठेवावी आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी मोकळा सोडावा.

हे सारे चालू असताना एक गोष्ट माझ्या नजरेतून जवळजवळ निसटली होती. ती खरे तर पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. औषध सोडण्यामागे केवळ त्या पाहुण्यांचे बोलणे नव्हते. एके दिवशी वही मिटता मिटता गुरुजी म्हणाले, "देवानं आता आम्हा दोघांनाही एकदमच न्यावं." हे वाक्य आपल्याकडे म्हातारी माणसे सहज बोलतात आणि आपणही सहज ऐकून सोडतो. मी सोडले नाही. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारले. (असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारावे.) त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिले आणि हो म्हणाले. कित्येक महिने ते सलग तीन तासांहून अधिक झोपले नव्हते.

या वेळी संदर्भ मीच शोधून नेला. एलीया नावाचा संदेष्टा दमून, घाबरून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खातो, पुन्हा झोपतो, त्याला पुन्हा उठवून जेवू घातले जाते. देवाशी बोलणे पुढे, बऱ्याच प्रवासानंतर होते. थकलेल्या शुश्रूषकाच्या उपचारांचा याहून योग्य क्रम मला तरी सांगता येणार नाही. आधी झोप आणि अन्न. आम्ही काही काळ औषधही दिले. आत्महत्येचे विचार येणाऱ्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

गुरुजींना माणसांची मदत मागणे मात्र जड जात होते. पत्नीची सेवा दुसऱ्यावर टाकणे म्हणजे आपला क्रूस खाली ठेवणे, असे त्यांना वाटे. तेव्हा सोलापूरहून येणाऱ्या पाळकसाहेबांनी मोशेची गोष्ट काढली. लढाई चालू असताना त्याचे उभारलेले हात थकू लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरले. त्याआधी त्यांनी आणखी एक केले होते: त्याला बसायला दगड आणून दिला. गुरुजी म्हणाले, "हे मी शंभरदा वाचलंय. दगड कधी दिसलाच नव्हता."

भेटीला येणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातील सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. गणपती बुडवून गाव झोपले होते. मदतीच्या तंबूंत मी दोन प्रकारची माणसे पाहिली. काही जण ज्याचे सारे गेले त्याच्याजवळ नुसती बसून राहत. काही जण मात्र हे कोणाच्या पापाने झाले याची चर्चा करत, आणि तीही मुलाबाळांची प्रेते ओळखून आलेल्या आईच्या देखत. पुढे गुरुजींबरोबर ईयोबाचा ग्रंथ वाचताना मला ते तंबू आठवले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, कोणी शब्द काढत नाही. तोवर ते उत्तम मित्र असतात. मग ते बोलू लागतात, तुझ्याच पापाचे हे फळ म्हणतात, आणि पुढचे कितीतरी अध्याय त्याला छळतात. ४२ व्या अध्यायात देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर. ओरडून जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे.

गुरुजींनी वहीत या प्रसंगाखाली दोन रेघा मारल्या आहेत. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्रही ते आता बाईंना वाचून दाखवतात. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. पूर्वी ते पान उलटून टाकत असत. "हिला आवडतं," ते म्हणाले. "माझ्या हातावर हात ठेवते."

मागच्या मंगळवारी नेहमीप्रमाणे बाईंना पाहायला गेलो. दार शेजारच्या काकूंनी उघडले. मंडळीतील दोघी आणि या काकू यांनी आता वार वाटून घेतले आहेत. रक्तदाब १४४/८६ होता. डब्यातील मंगळवारचा कप्पा रिकामा होता. काकूंनी खुणेने आतल्या खोलीकडे बोट दाखवले. भर दुपारी, पंखा लावून, चष्मा छातीवर ठेवून गुरुजी गाढ झोपले होते. मी त्यांना उठवले नाही. चिठ्ठी वहीत ठेवली आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो.