हरवलेल्या ड्रोनची साक्ष कोण नोंदवणार?

विशेष प्रतिनिधी

कोराडी (नागपूर) : नागपूरहून सावनेरच्या दिशेने निघाले, की शहर मागे पडण्याआधीच कोराडी औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. एकीकडे महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान, दुसरीकडे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन संच, तेथून निघालेल्या अतिउच्चदाब वाहिन्या आणि काही अंतरावर खसाळ्याचा राखेचा बंधारा, असा हा परिसर आहे. जुलै २०२२मध्ये अतिवृष्टीत हाच बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात पसरले. अशा बंधाऱ्याच्या भिंती आणि वाहिन्यांचे मनोरे पायी फिरून तपासणे कष्टाचे आणि जोखमीचे आहे. ते काम ड्रोनकडून करून घ्यावे, याबाबत आता फारसे दुमत उरलेले नाही.

मात्र ज्या कारणांमुळे कोराडीसारख्या ठिकाणी ड्रोन हवासा वाटतो, नेमक्या त्याच कारणांमुळे तो तेथे हरवण्याची शक्यताही अधिक असते. लोखंडी मनोरे, प्रवाह वाहणाऱ्या तारा, राखेचा एकसारखा करडा पृष्ठभाग आणि विदर्भाचा उन्हाळा यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वयंचलित उड्डाणाची परीक्षा पाहणारी आहे. ड्रोन परत आला नाही, तर ‘वारा होता’, ‘सिग्नल गेला’, ‘बॅटरी संपली’ अशी तीन ठरावीक उत्तरे पुढे येतात. ती खरीही असू शकतात. परंतु जगभरात जेथे जेथे अशा अपघाताचा नीट तपास झाला, तेथे खरे कारण बहुधा पहिल्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले. म्हणूनच या तपासाची पद्धत समजून घेणे आवश्यक ठरते.

यंत्र आज्ञा पाळते, पण कशाच्या आधारे?

स्वयंचलित उड्डाणात चालकाच्या हाती दांडी नसते. मार्ग, उंची आणि वेग संगणकावर आधीच आखलेले असतात. ड्रोनमधील नियंत्रक उपग्रहांच्या संदेशांवरून जागा, होकायंत्रावरून दिशा, हवेच्या दाबावरून उंची आणि गतिमापकांवरून तोल ओळखतो व त्यानुसार पंख्यांचा वेग कमी-जास्त करतो. यातील एखादा मापक खोटे सांगू लागला, तर यंत्र बंड करीत नाही. मिळालेल्या खोट्या माहितीवर ते आपली आज्ञा निष्ठेने पाळत राहते आणि भलतीकडे जाते.

तपासाचा मुख्य आधार म्हणजे उड्डाणाची नोंदवही, अर्थात ‘लॉग’. ड्रोनला किती झुकण्याची आज्ञा होती आणि तो प्रत्यक्षात किती झुकला, या दोन रेषा शेजारी ठेवून पाहिल्या जातात. त्या अचानक विलग झाल्या, तर मोटार, पंखा वा सांगाडा निकामी झाल्याचा संशय येतो. ड्रोन उंचावर असतानाच नोंद मध्येच तुटली, तर वीजपुरवठा खंडित झाल्याचे ते लक्षण असते. दोन्ही रेषा अखेरपर्यंत एकमेकींना धरून असूनही ड्रोन भरकटला, तर यंत्र ठीक होते आणि त्याचे जागेचे वा दिशेचे भान गेले होते, असा निष्कर्ष निघू शकतो. ड्रोन सापडलाच नाही, तरी जमिनीवरील संगणकात शेवटच्या क्षणापर्यंतची काही माहिती उरलेली असते. शोध तेथूनच सुरू करावा लागतो.

मंगळावरचा धडा

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. ‘नासा’चे ‘इंजेन्युइटी’ हे अवघे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर म्हणजे मंगळावरचा ड्रोनच होता. संदेश पोहोचण्यासच काही मिनिटे लागत असल्याने त्याचे प्रत्येक उड्डाण स्वयंचलित होते. पाच चाचणी उड्डाणांसाठी बनवलेल्या या यंत्राने १९ एप्रिल २०२१पासून तब्बल ७२ उड्डाणे केली. १८ जानेवारी २०२४च्या अखेरच्या उड्डाणात ते १२ मीटर उंच गेले, उतरू लागले आणि उतरताना त्याचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी संपर्क जुळला. पण नंतर आलेल्या छायाचित्रांत पाती मोडलेली दिसली.

पाती जमिनीवर आपटून तुटली असावीत, असा पहिला तर्क होता. डिसेंबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या तपासाने वेगळाच क्रम मांडला. हे यंत्र खालच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या दगडगोट्यांसारख्या खुणांवरून आपला वेग ठरवीत असे. त्या दिवशी ते वाळूच्या लाटांवर होते आणि तेथे पुरेशा खुणाच नव्हत्या. वेगाचा अंदाज चुकला, यंत्र आडव्या वेगासह उतारावर आदळले आणि एकाएकी कलंडले. त्या झटक्याचा ताण सहन न होऊन चारही पाती टोकाकडच्या भागात मोडली. नंतरच्या कंपनांनी एक पाते मुळापासूनच निखळले आणि वाढलेल्या वीजमागणीमुळे संपर्क गेला. सुरुवात यांत्रिक बिघाडाने नव्हे, तर पुरेशा खुणा न दिसल्याने झाली होती.

याच यंत्राच्या सहाव्या उड्डाणात, २२ मे २०२१ रोजी, कॅमेऱ्याचे केवळ एक छायाचित्र संगणकापर्यंत पोहोचले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडत गेली आणि हेलिकॉप्टर हेलकावे खाऊ लागले. कसेबसे ते सुखरूप उतरले. कारण शोधले गेले, संगणक-प्रणाली सुधारली गेली आणि यंत्र पुढे आणखी ६६ वेळा उडाले. तपासाचा उपयोग काय, याचे उत्तर या आकड्यात आहे.

झुरिच आणि ऑर्लँडो

पृथ्वीवरील उदाहरणेही बोधप्रद आहेत. स्वित्झर्लंडच्या टपाल खात्यासाठी प्रयोगशाळेचे नमुने नेणारा एक स्वयंचलित ड्रोन २५ जानेवारी २०१९ रोजी झुरिचच्या सरोवरात उतरला. उपग्रहांवरून दिशादर्शन करणाऱ्या यंत्रणेत विजेचा दोष निर्माण झाल्याने आपत्कालीन छत्री उघडली होती. म्हणजे सुरक्षा-व्यवस्थेने काम केले होते. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या ड्रोनची छत्री उघडली. परंतु तिची दोरी तुटली आणि तो लहान मुलांच्या एका गटापासून सुमारे ५० मीटरवर कोसळला. तपासानंतर दोऱ्या अधिक मजबूत करण्यात आल्या.

अमेरिकेत ऑर्लँडो येथे २१ डिसेंबर २०२४ रोजी नाताळनिमित्तच्या ड्रोन-प्रदर्शनात सात वर्षांचा एक मुलगा गंभीर जखमी झाला. तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणमार्गाची आखणी प्रत्यक्ष जागेशी जुळलेली नव्हती आणि अंतिम माहिती सर्व ड्रोनपर्यंत पोहोचलीही नव्हती. म्हणजे मूळ चूक आकाशात नव्हे, तर उड्डाणापूर्वीच्या तयारीत होती.

कोराडीच्या आकाशात

हे सारे निष्कर्ष कोराडीवर ठेवून पाहावेत. राखेच्या बंधाऱ्याचा एकसारखा पृष्ठभाग हा मंगळावरच्या वाळूचाच भाऊ आहे. खालच्या कॅमेऱ्यावर विसंबणारा ड्रोन तेथे फसू शकतो. मनोऱ्यांतील पोलाद होकायंत्राला विचलित करते. तारांमधून वाहणारा प्रवाह प्रत्यावर्ती असेल, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि त्याचा दिशेवरील परिणाम बराचसा पुसला जातो. मात्र चंद्रपूर–पडघे यांसारख्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीभोवतीचे क्षेत्र स्थिर असते. भर प्रवाह असताना तारेपासून दहाएक मीटरवर ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तोडीचे ठरू शकते. वाहिन्यांची पाहणी करणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घेतला पाहिजे.

उंचीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. संपर्क तुटल्यास बहुतेक ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परततात. ही उंची मनोऱ्यापेक्षा कमी ठेवली असेल, तर सुरक्षेसाठी केलेली सोयच अपघातास कारण होते. धुराडी तर हिरव्या क्षेत्रातील चारशे फुटांच्या मर्यादेहूनही उंच आहेत. त्यात मे महिन्यातील तापलेल्या हवेत पंख्यांना अधिक जोर लावावा लागतो आणि बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. यांपैकी काहीही अकल्पित नाही. तरीही गवताळ मैदानावरील आखणी जशीच्या तशी येथे वापरली, तर दोष वाऱ्याला देण्यात अर्थ नाही.

नोंद झाली, पुढे काय?

ऑगस्ट २०२१मध्ये अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमावलीने अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत ‘डिजिटल स्काय’ या मंचावर कळवणे चालकावर बंधनकारक केले. अतिलहान ड्रोन वगळता त्रयस्थांसाठीचा विमाही आवश्यक ठरवला. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु घटना कळवणे ही तपासाची केवळ पहिली पायरी असते. विम्याने नुकसान भरून निघते. चूक दुरुस्त होत नाही. एका ठेकेदाराचा ड्रोन ज्या मनोऱ्याजवळ भरकटला, त्याच मनोऱ्याजवळ सहा महिन्यांनी दुसऱ्याचा भरकटू नये, यासाठी पहिल्याचे कारण दुसऱ्याला कळायला हवे.

गावठाणांच्या मोजणीपासून फवारणीपर्यंत राज्यात ड्रोनचा वापर वाढला आहे आणि त्यात सार्वजनिक पैसा आहे. त्यामुळे सार्वजनिक संस्थांनी आपल्या निविदांत काही साध्या अटी घालाव्यात. प्रत्येक उड्डाणाची मूळ नोंद काम देणाऱ्या संस्थेच्या मालकीची असावी. अपघातानंतर स्मृतिपत्र, बॅटरी आणि अवशेष तपास होईपर्यंत जसेच्या तसे ठेवावेत. तुटका ड्रोन जोडून पुन्हा उडवण्याची घाई करू नये. कारणमीमांसा व्यक्तींची नावे वगळून प्रसिद्ध व्हावी. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चूक लपवण्याऐवजी नोंदवण्याची सवय, आणि ती केवळ दंडाच्या धाकाने लागत नाही.

कोराडीत हा प्रश्न एका यंत्राच्या किमतीपुरता मर्यादित नाही. नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते आणि त्या गर्दीवर कोसळलेला ड्रोन कोणाचा होता, याहून तो का कोसळला हे महत्त्वाचे ठरेल. ऐन पावसाळ्यात बंधाऱ्याच्या पाहणीला गेलेला ड्रोन हरवला आणि कारणाअभावी पाहणीच थांबली, तर भिंतीतील भेग न पाहिलेलीच राहील. ती फुटल्यावर राख कोठे जाते, हे खसाळ्याच्या परिसराने २०२२मध्ये पाहिले आहे.