भिंत फोडण्याआधी

दुर्गदबैलात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरं अजून आहेत. गल्ल्या अरुंद, आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा. पहिला जोराचा पाऊस झाला की ‘टीव्ही बरवल्दु री’ हे वाक्य ऐकू येतं आणि त्याचं मराठी कुणाला करून सांगावं लागत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या घरी मिरगात हेच झालं. सासूबाईंची कन्नड मालिका स्वच्छ, हिची मराठी मात्र चौकोन चौकोन होऊन थांबायची. घरात थोडी धुसफूसही झाली. दुरुस्तीला आलेल्या माणसानं निदान केलं, भिंतीतली तार गेली, भिंत फोडून नवी घाला. रंग देऊन दोन महिनेही झाले नव्हते. माझ्याकडे मल्टिमीटर असतो म्हणून तिनं मला बोलावलं.

पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी चित्र दिसायचं. शहरांतल्या केबलच्या तिसऱ्या टप्प्याची मुदत 31 डिसेंबर 2015 ही ठरली होती, हुबळी-धारवाडही त्यातच आलं, आणि मुंग्या गेल्या. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत उत्तम दिसतो, त्याखाली गेला की एकदम चौकोन नाहीतर कोरा पडदा. त्यात एकाच तारेत वरच्या फ्रिक्वेन्सीची गळती जास्त होते, म्हणून एक चॅनेल दिसतं आणि दुसरं नाही. सासूबाई निर्दोष!

आम्ही आधी सेट-टॉप बॉक्स आणि लहान टीव्ही गच्चीवर नेला आणि बाहेरून आलेली तार थेट बॉक्सला जोडली. चित्र झकास. म्हणजे दोष घरातच. हे पहिलं करा, मीटर नंतर. केबलवाल्याशी निम्मं भांडण इथंच मिटतं.

मग स्प्लिटर. टीव्ही दोन आणि स्प्लिटर चार तोंडांचा! दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन डेसिबल जातात, चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सात. आरजी-6 तारेत वरच्या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरमागे वीसेक डेसिबल जातात. म्हणजे चार तोंडांचा डबा लावणं हे पस्तीस मीटर जादा तार ओढण्यासारखंच.

आता भिंतीतली तार. ती दोन्ही टोकांना सोडवली. बॉक्सचा प्लग काढूनच हे करायचं, कारण डिश असेल तर बॉक्स त्या तारेतून 13 किंवा 18 व्होल्ट वर पाठवत असतो. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि भोवतीची जाळी यांत ओहम मोजले तर मीटरनं काहीच दाखवू नये. काही आकडा आला तर जाळीचा केस मधल्या तारेला टेकलाय किंवा आत पाणी आहे. मग एका टोकाला दोन्ही जोडायचे आणि दुसऱ्या टोकाला मोजायचं, घरातल्या लांबीला एक-दोन ओहम येतात. आमची तार दोन्हींत पास. मीटरला पास झालेली तार सिग्नलला नापास होऊ शकते, खिळ्यानं चेपलेली किंवा काटकोनात मुडपलेली असली तर. पण तुटलेली नाही, एवढं कळलं.

खरा चोर खिडकीपाशी होता. स्प्लिटरकडून येणारी तार तिथं भिंतीतल्या तारेला पिळून जोडलेली, वर काळी टेप. टेप सोडली तर आत पाणी, आणि जाळीची पांढरी भुकटी. दोन्ही टोकं चांगल्या तारेपर्यंत कापली, एफ कनेक्टर बसवले, मध्ये जोडणी घातली, डबा दोन तोंडांचा केला. कनेक्टर बसवताना जाळीचा एक केसही मधल्या तारेकडे वळता कामा नये. वेळ लागतो तो यालाच.

‘गोडी वडीलिल्ल अल्ला?’ सासूबाईंनी दोनदा विचारलं. भिंत फोडली नाही, हे त्यांना दाखवावं लागलं.

खिडकीतून तार आत घेताना बाहेर तिला खाली एक झोल ठेवलाय, पाणी तिथूनच ठिबकून जातं. डब्याचं एखादं तोंड रिकामं राहिलं, तर त्यावर 75 ओहमची टोपी लावायची.