भिंतीवरची रात्र



गेल्या महिन्यात एका परिचितांच्या घरी जाणे झाले. दोन खोल्यांचे घर. समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. ती भिंत त्यांचीच. बाजूच्या भिंतीवर मात्र एक नवे चित्र दिसले. बर्फाखाली दबलेली घरे, चढाची वाट, वाकून चाललेली तीन माणसे आणि वर काळी-करडी रात्र. थोरल्या मुलीने पहिल्या पगारातून आणलेले. चित्र जपानचे, अर्थात छापील प्रत.

वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडेपर्यंत छपाईखात्यात होते. ते मला म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा हिला. लोक घरात उगवता सूर्य लावतात, फुलं लावतात. हिनं अंधार आणून टांगला. आणि तोही नकली! खरं चित्र असतं तर गोष्ट वेगळी होती."

मुलगी काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली, पण तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या कमाईतून हौसेने आणलेल्या वस्तूला घरात नाव ठेवले गेले की काय वाटते, ते सांगायला नको. वडिलांचे प्रश्न मात्र रास्त होते. नक्कल कशाला? आणि अंधार कशाला? त्या दिवशी मी सुचेल तसे उत्तर दिले. आज जरा नीट सांगते, कारण अशी चित्रे आता पुष्कळ घरांत दिसू लागली आहेत.

आधी नकलेचे पाहू. त्या मुलीच्या भिंतीवरचे चित्र हिरोशिगे नावाच्या चित्रकाराचे आहे. एडो म्हणजे आजचे टोकियो. त्या शहरात १७९७ साली त्याचा जन्म झाला. वडील आग विझवणाऱ्या पथकात नोकरीला, पगार बेताचा. १८०९ साली आई आणि वडील दोघेही वारले आणि कोवळ्या वयातच या मुलावर वडिलांची नोकरी येऊन पडली. ती नोकरी सांभाळत तो चित्रकला शिकला. एडो ते क्योतो हा तोकाइदो नावाचा मोठा रस्ता होता आणि त्यावर मुक्कामाची ५३ ठिकाणे होती. १८३३-३४ च्या सुमारास हिरोशिगेने या ठिकाणांची चित्रमालिका काढली आणि तो घरोघरी पोचला. बर्फातल्या रात्रीचे हे चित्र त्याच मालिकेतले, कान्बारा या मुक्कामाचे. गंमत अशी की कान्बाराची हवा उबदार. तिथे एवढे बर्फ सहसा पडत नाही. ती रात्र चित्रकाराने मनातून आणली.

हे चित्र कुणा सरदाराच्या वाड्यासाठी काढलेले नव्हते. लाकडी ठशांवर छापलेली ही चित्रे एडोच्या दुकानांत साधारण वाडगाभर गरम शेवयांच्या किमतीत मिळत. कारागीर, हमाल, छोटे दुकानदार, गावाकडून शहर पाहायला आलेले प्रवासी ती घेत. वजनाला हलकी, म्हणून घरच्यांसाठी भेट म्हणून नेत. म्हणजे ही चित्रे जन्मालाच आली ती अनेक प्रतींत, आणि सामान्य माणसाच्या खिशाकडे पाहून.

शिवाय इथे एकमेव असे 'खरे चित्र' नसतेच. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवीत आणि कोरणारा कारागीर कागदासकट लाकूड कोरून काढी. ठसा तयार होई, पण चित्रकाराच्या हातचे रेखाटन त्यातच नाहीसे होई. उरे तो ठसा, आणि त्यावरून निघालेल्या प्रती. त्या काळी छापलेली प्रत आणि आज यंत्रावर निघालेली प्रत यांत फरक आहेच, तो मी नाकारीत नाही. पण यंत्राची प्रत लावणाऱ्याने मान खाली घालावी, असे यात काही नाही.

आता ही रात्र कोण तयार करी, ते ऐका.

चित्रकार रेखाटन करी आणि कुठे कोणता रंग ते सांगे. पुढचे काम कोरणाऱ्याचे. रेषांचा एक ठसा आणि पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा. चेहरा, केस असे नाजूक काम मुरलेला कारागीर करी. मोकळी जागा खरवडून काढण्याचे काम शिकाऊ पोरे करीत. मग ठसे छापणाऱ्याकडे जात. एका जातीच्या तुतीच्या सालीपासून केलेला चिवट कागद तो ओलसर करून घेई, ठशावर रंग लावी, कागद ठेवी आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीवरून घासून रंग उतरवी. ठशाच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असत. कागद त्या खुणांना बरोबर टेकला पाहिजे. जरा सरकला की रंग रेषेबाहेर गेला आणि प्रत वाया. या सगळ्यांना पैसा पुरवी तो प्रकाशक.

रात्रीचे आकाश वर गडद आणि खाली येता येता फिके होत जाते ना? तो उतार ठशावर कोरलेला नसतो. छापणारा ओल्या फडक्याने फळी पुसतो, एका कडेला रंग देतो आणि ब्रशाने तो पसरवत, विरवत नेतो. प्रत्येक कागदासाठी पुन्हा पुसायचे, पुन्हा विरवायचे. शंभर प्रती असतील तर शंभर वेळा. त्यामुळे प्रत्येक प्रतीतली रात्र थोडी वेगळी येते. कान्बाराच्या काही जुन्या प्रतींत अंधार आकाशाच्या वरच्या कडेला आहे, तर काहींत तो खाली छपरांच्या मागे दाटून वर विरळ होत गेला आहे. चित्र तेच, रात्र दोन. आणि खालचे बर्फ? ते रंगवलेले नाही. तो कोरा कागद आहे. जिथे उजेड हवा तिथे रंग पोचू द्यायचा नाही, एवढेच.

एवढे सांगून झाले तेव्हा वडील उठले, चष्मा लावला आणि भिंतीजवळ गेले. आकाशाच्या कडेवर बोट न टेकवता बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे एका रंगाला एक रोलर असायचा. जरा हलला की ताका बाद. पण हे हातानं, प्रत्येक कागदाला? मग या माणसाचं नाव कुठं लिहिलंय?"

त्याचे उत्तर द्यायला मला जड गेले. चित्रावर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव बहुतेक चित्रांवर नसते. ज्याच्या मनगटाने ती रात्र उतरवली, तो माणूस चित्रात आहे आणि नावात नाही.

आता दुसरा प्रश्न, अंधार कशाला. मला वाटते, या चित्रांतला अंधार भीती घालणारा नाही. त्यात माणसे आहेत, आपापल्या कामाने निघालेली. हिरोशिगेने १८५६ साली 'एडोची शंभर प्रसिद्ध स्थळे' ही शेवटची मोठी मालिका सुरू केली. त्याच वर्षी त्याने बौद्ध भिक्खूप्रमाणे मुंडनही केले. या मालिकेत नाटकगृहांच्या सारुवाका गल्लीचे रात्रीचे चित्र आहे. वर पूर्ण चंद्र, खाली गर्दी आणि प्रत्येक माणसाची सावली जमिनीवर पडलेली. जपानी चित्रांत अशा सावल्या क्वचितच दिसतात. १८५८ साली एडोत पटकीची साथ आली. त्याच वर्षी हिरोशिगे वारला. आकाशाला जो खोल निळा रंग लागे तो मूळचा बर्लिनचा. १८३० च्या सुमारास तो जपानी छापखान्यांत सर्रास आला आणि पूर्वीच्या लवकर उडणाऱ्या निळ्यांपेक्षा टिकाऊ ठरला. म्हणजे ती 'जपानी रात्र'सुद्धा दूरच्या देशाचा रंग घेऊन बनली होती.

पुढच्या पिढ्यांनीही रात्र सोडली नाही. कावासे हासुई (१८८३–१९५७) याचे १९३० सालचे 'मागोमेचा चंद्र' हे चित्र जरूर पाहावे. उंच पाइनची झाडे, मागे चंद्र आणि अंधारात शेतकऱ्याच्या घराची एकच उजळलेली खिडकी. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत याच हासुईच्या रेखाटनांच्या १८८ वह्या जळाल्या आणि त्याच्या प्रकाशकाचे ठसेही गेले. तरी तो पुन्हा वही घेऊन प्रवासाला निघाला. योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) याने १९२६ साली शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र असे छापले. तो भारतातही येऊन गेला; सांचीच्या स्तूपाचे तोरण आणि चांदण्यातला ताजमहाल त्याने ठशांवर उतरवला.

आता थोडे उपयोगाचे. ही चित्रे मुळात लहान, साधारण १५ इंच बाय १० इंच. हातात धरून पाहायची. फार मोठी करून घेतली तर रेषा फोफशा दिसतात. रात्रीचे चित्र गडद असल्याने समोरच्या काचेत ट्यूबलाइट आणि खिडकी आरशासारखी दिसते. म्हणून काच बिनचकाकीची घ्यावी आणि चित्र खिडकीसमोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावावे. आपण घरात जमिनीवर बसतो, तेव्हा बसल्या नजरेला येईल इतके खाली असावे. उन्हाची तिरीप पडू देऊ नये, रंग फिके पडतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे हवा खेळती राहते.

आणि फसू नका. कोणी 'हाताने छापलेले' म्हणून जास्त पैसे मागितले तर भिंगातून पाहा. रंगीत ठिपके दिसले तर ती यंत्राची प्रत. हाताने छापलेल्या प्रतीत रंग सलग असतो आणि कागदाच्या पाठीवरही त्याचा अंश उमटतो. टोकियोत आजही ठसे नव्याने कोरून अशा प्रती काढणारे कारागीर आहेत; त्यांची किंमत अर्थातच जास्त. यंत्राची प्रत यंत्राच्या भावात घ्यावी आणि निःशंक मनाने लावावी.

परवा ती मुलगी भेटली. म्हणाली, "काकू, बाबांनी चित्र उतरवलं होतं." मी दचकले. "अहो, मागं पुठ्ठ्यावर लिहायला. चित्रकार हिरोशिगे, कान्बारा, १८३३-३४. आणि त्याखाली, कोरणाऱ्याचं नाव माहीत नाही, छापणाऱ्याचं नाव माहीत नाही. मग स्वतःच परत टांगलं. आधीपेक्षा वीतभर खाली."