‘लाल की हिरवी?’ : चवीला राजाश्रय, चुलीला नाही

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील न्यू मेक्सिको राज्यात कोणत्याही साध्या उपाहारगृहात पदार्थ मागविला, की वाढणारी व्यक्ती एकच प्रश्न विचारते, ‘लाल की हिरवी?’ प्रश्न मिरचीच्या रश्शाचा असतो. निर्णय होत नसेल तर ‘ख्रिसमस’ असे म्हणायचे; मग ताटात दोन्ही रस्से येतात. या प्रश्नाला तेथील विधिमंडळाने राज्याचा ‘अधिकृत प्रश्न’ म्हणून मान्यता दिली आहे. मिरची आणि पिंटो घेवडा यांना १९६५ मध्येच ‘राज्याची भाजी’ हा मान मिळाला, तर २०२३ मध्ये भाजलेल्या हिरव्या मिरचीचा दरवळ हा राज्याचा अधिकृत गंध ठरला. चवीला इतका राजाश्रय लाभलेला प्रदेश विरळाच. मात्र ही चव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या छोट्या कौटुंबिक उपाहारगृहांचे आणि मिरची उत्पादकांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

अल्बुकर्की शहरातील ‘मेरी अँड टिटोज’ हे या परंपरेचे ठळक उदाहरण. मेरी आणि टिटो गोंझालेस या दाम्पत्याने १९६३ मध्ये ते सुरू केले. सजावटीचा बडेजाव नाही, पदार्थांची यादीही आटोपशीर. ख्याती आहे ती ‘कार्ने अडोवाडा’ची, म्हणजे लाल मिरचीच्या वाटणात मुरवून मंद आचेवर शिजविलेल्या डुकराच्या मांसाची. टिटो यांच्या पश्चात मेरी यांनी कुटुंबीयांच्या साथीने हा व्यवसाय चालविला. २०१० मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा पुरस्कार देऊन त्याचा गौरव केला. पुरस्काराची ही वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या स्थानिक उपाहारगृहांसाठीच आहे. २०१३ मध्ये मेरी यांचेही निधन झाले.

या पाककृतीला बाहेरचे लोक सरसकट ‘मेक्सिकन’ म्हणतात. ते अपुरे आहे. १५९८ मध्ये स्पॅनिश वसाहतवाले येथे आले, त्याआधीपासून प्वेब्लो लोक मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत होते. दोन्ही परंपरांच्या मिलाफातून हे जेवण घडले. १८४८ च्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. म्हणजे सीमारेषा बदलली, पण चूल जागची हलली नाही. पुढे १९८० च्या दशकात ‘साउथवेस्टर्न’ या नावाखाली याच घटकांना नवे, महागडे रूप मिळाले. सांता फे येथे १९८७ मध्ये सुरू झालेले ‘कोयोटी कॅफे’ हे त्या लाटेचे प्रतीक ठरले. पर्यटक वाढले, प्रदेशाची कीर्ती पसरली, हे मान्य करावेच लागेल. तथापि, रोजच्या ग्राहकाला परवडेल अशा दरात जेवण देणाऱ्या घरगुती उपाहारगृहांचे गणित त्यामुळे सुटले नाही.

ते गणित अवघड होण्याचे पहिले कारण शेतात आहे. १९९२ च्या सुमारास या राज्यात सुमारे ३४ हजार एकरांवर मिरची होत असे. अलीकडे हे क्षेत्र १० हजार एकरांच्याही आत आले आहे. हिरव्या मिरचीची तोडणी आजही मुख्यत्वे हातानेच होते आणि मजूर मिळत नाहीत. रिओ ग्रान्दे नदीचे पाणी आटत चालले आहे. या पाण्याच्या वाटपावरून टेक्सासने २०१३ मध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्यात परदेशी मिरची स्वस्त पडते. स्थानिक नावाने बाहेरची मिरची विकली जाऊ नये म्हणून राज्याने २०११ मध्ये कायदा केला खरा. पण कायदा नावाचे रक्षण करतो, पिकाचे नव्हे.

दुसरे कारण मनुष्यबळाचे आहे. राज्यातील किमान वेतन २०२३ पासून ताशी १२ डॉलर झाले. कामगारांच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. परंतु वाळलेल्या मिरच्यांची देठे व बिया काढणे, त्या भिजविणे, वाटणे आणि तासन्‌तास शिजविणे हे कष्टाचे काम आजवर घरच्यांच्या हातांनी होत आले. त्या श्रमाचे मोल पदार्थाच्या किमतीत कधी धरलेच गेले नाही. पुढची पिढी शिकून अन्य व्यवसायांत गेली, की हा दडलेला खर्च अचानक समोर उभा राहतो. किंमत वाढवावी तर नेहमीचा ग्राहक तुटतो. तयार पूड वापरावी तर चव जाते.

महाराष्ट्राला हे चित्र परके वाटू नये. मिरची मुळात अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांमार्फत ती आपल्याकडे आली आणि कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी चवींचा कणा बनली. आज अमेरिकेत स्वस्त सुकी मिरची धाडणाऱ्या देशांत भारतही आहे, हा काळाचा महिमा. आपल्याकडेही भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, ‘घरगुती चव’ हा शब्द पाट्यांवर झळकू लागला. पण खानावळीच्या वाटणामागे राबणाऱ्या हातांचा आणि मिरची पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब आपणही मांडलेला नाही.

मान्यता, मानांकने आणि पुरस्कार यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी चवीला प्रतिष्ठा मिळते. परंतु पाणी, तोडणीचा खर्च आणि स्वयंपाकघरातील श्रमाचा रास्त मोबदला या तीन गोष्टींची तजवीज झाल्याखेरीज ती प्रतिष्ठा टिकणारी नाही. आणि त्यातला एक वाटा ग्राहकाचाही आहे. परंपरेचे कौतुक करताना ताटाची किंमत मात्र जुनीच राहावी, हा आग्रह त्याला सोडावा लागेल. अन्यथा ‘लाल की हिरवी?’ हा प्रश्न विचारला जात राहील, पण तो विचारणारी घरे उरणार नाहीत.