आधी ओल, मग बुरशी : गृहपरीक्षणाविषयी थोडेसे

वर्षा ऋतूत आपल्या बाह्यरुग्ण विभागांत कास, श्वास व प्रतिश्याय यांचे रुग्ण वाढतात, हे व्यवसायी वैद्यास सांगावयास नको. त्यांपैकी काहींचा इतिहास मात्र लक्षणीय असतो. रुग्ण गावी गेला की त्यास बरे वाटते. घरी परतताच दोन-तीन रात्रींत पुन्हा धाप लागते. औषध तेच, पथ्य तेच; बदलते ती केवळ वास्तू. अशा वेळी वैद्याचे लक्ष रुग्णाच्या घराकडे वळले पाहिजे. अलीकडे मोठ्या शहरांत घरातील ओल व बुरशी यांची सशुल्क तपासणी करून देणारे व्यावसायिक उपलब्ध झाले आहेत आणि रुग्ण विचारतात, "डॉक्टर, ही तपासणी करून घ्यावी का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विषय आपल्या शास्त्राबाहेरचा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात परीक्ष्य भावांमध्ये 'देश' सांगितला असून भूमी व आतुर असे त्याचे दोन्ही अर्थ घेतले आहेत. आपण आतुराची परीक्षा कसोशीने करतो. भूमीची परीक्षा मात्र 'आनूप' किंवा 'जांगल' एवढ्या एका शब्दात संपवतो. वस्तुतः शहरी रुग्णाची सर्वांत निकटची भूमी म्हणजे तो ज्या खोलीत निजतो ती खोली. श्वासाच्या हेतूंमध्ये धूळ व धूर यांच्याबरोबर शीत स्थानाचाही उल्लेख आहे. वाग्भटांनी वर्षा ऋतुचर्येत बाष्प, शैत्य व तुषार यांपासून मुक्त अशा जागी राहावयास सांगितले आहे. निदानपरिवर्जन ही जर चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर ओली भिंत तशीच ठेवून रुग्णास केवळ अवलेह देत राहणे ही अर्धी चिकित्सा होय.

आता तपासणीविषयी. तिचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. पहिला भाग ओलीच्या शोधाचा. भिंतीतील आर्द्रता मोजणारे यंत्र आणि उष्णताचित्रण करणारा कॅमेरा यांच्या साहाय्याने गळके नळ, गच्चीतील भेगा किंवा शेजारच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी यांचा माग काढता येतो. हा भाग उपयुक्त आहे. दुसरा भाग हवेचे नमुने घेऊन बुरशीचे बीजाणू मोजण्याचा. येथे सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांचा दमा, कास व श्वसनमार्गाच्या संसर्गाशी संबंध असल्याचे त्यांत मान्य केले आहे. परंतु हवेतील सूक्ष्मजीवांची अमुक मात्रा सुरक्षित, अशी मर्यादा ठरविता येत नाही, असेही नमूद केले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचेही म्हणणे आहे की, बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची आवश्यकता नसते. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्या उघड्या असतात व बाहेरच्या हवेतही बीजाणू विपुल असतात. अशा स्थितीत केवळ आकड्यावरून रुग्णास भयभीत करणे किंवा निर्धास्त करणे, दोन्ही अयोग्य.

आणखी एक मुद्दा हितसंबंधाचा. तपासणारा व दुरुस्ती करणारा एकच असेल तर दोष मोठा दिसणारच. अमेरिकेतील टेक्सास व न्यूयॉर्क या राज्यांत या कामांसाठी परवाना लागतो आणि एकाच कामात परीक्षक व निवारक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने करण्यास मनाई आहे. आपल्याकडे तशी चौकट नाही. म्हणून तपासणी करावयाचीच असल्यास जलरोधक लेप विकणाऱ्याकडून न करता स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून करावी, असे रुग्णास सांगावे. अशा शिफारशीपोटी वैद्याने कोणतेही कमिशन स्वीकारू नये, हे वेगळे सांगणे न लगे.

धूपनाविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. 'गुग्गुळ-निंबाची धुरी दिली की बुरशी गेली' असे आपल्यातीलच काही जण सांगतात. कुमारागाराच्या वर्णनात चरकाचार्यांनी अंथरूण-पांघरूण उत्तम धुतलेले, धुपविलेले, शुद्ध व कोरडे असावे असे म्हटले आहे. म्हणजेच धूपन हे प्रक्षालन व शोषण यांच्या जोडीने येते, त्यांच्या ऐवजी नव्हे. पाणी झिरपत आहे तोवर बुरशी पुनःपुन्हा येणार. शिवाय धूर हा स्वतःच श्वासाचा हेतू असल्याने तमक श्वासाच्या रुग्णाच्या खोलीत धुरी देणे टाळणेच श्रेयस्कर. गळती थांबवावी, कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करावा, कुबट झालेली गादी टाकून द्यावी. बुरशीवर नुसता रंग मारू नये.

यावर आक्षेप येईल की, भाडेकरूने किंवा गरीब रुग्णाने हे करावे कसे? आक्षेप खरा आहे. तथापि पलंग ओल्या भिंतीपासून दूर सरकविणे, ओले कपडे निजण्याच्या खोलीत न वाळविणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, यांस पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने बिघडलेल्या छताची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. रुग्णाची लक्षणे व त्यांचा ऋतूशी, वास्तूशी दिसलेला संबंध यांची संयमित शब्दांत लेखी नोंद वैद्याने दिल्यास संस्थेच्या समितीपुढे त्याचा उपयोग होतो. मात्र जे पाहिले नाही ते लिहू नये. तसेच दमा आटोक्यात येत नसेल, कफातून तपकिरी गुठळ्या पडत असतील किंवा रक्त येत असेल, तर फुप्फुसातील ॲस्परजिलस बुरशीच्या विकाराची शंका घेऊन रुग्णास श्वसनरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

आपल्या रुग्णपत्रिकेत चार प्रश्नांची भर घालावी, अशी संघटनेस विनंती आहे : घरात ओल आहे काय? कुबट वास येतो काय? बुरशी दिसते काय? घराबाहेर राहिल्यास लक्षणे कमी होतात काय? या चार प्रश्नांना शुल्क नाही, आणि पुष्कळदा कोणत्याही यंत्राहून अधिक उपयोगी माहिती त्यांतूनच हाती येते.