नवा मासा आधी वेगळा ठेवा!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शाळेत काचेची मत्स्यपेटी आहे काय? असेल तर एक प्रश्न विचारतो. नागपूरहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीने वर्ध्याला आणलेला नवा मासा तुम्ही कोठे सोडता? "पेटीत, आणखी कोठे?" असेच तुम्ही म्हणाल. माझ्या मते चूक होते ती येथेच.

मासा धडधाकट दिसला म्हणजे तो निरोगी असतोच असे नाही. गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर कधी कधी रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठतात. इक्थिऑप्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीचे हे काम. तो माशाच्या कातडीखाली व कल्ल्यांत राहून पोसतो. मोठा झाला की सुटून तळाशी जातो, स्वतःभोवती पुटी तयार करतो आणि आत विभागून शेकडो पिले होतात. ही पिले पोहत नवा मासा शोधतात. नदीत बहुतेकांना मासा सापडत नाही व ती मरतात. पेटीत मात्र मासा वीतभर अंतरावरच असतो! म्हणून एका माशाचा रोग आठवड्या-दोन आठवड्यांत साऱ्या पेटीचा होतो.

औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिलांवर. कातडीखालील किंवा पुटीतील परजीवीपर्यंत ते पोचत नाही. म्हणूनच ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे. त्यानंतरही काही दिवस उपचार चालू ठेवावे लागतात.

समुद्री माशांना असाच रोग क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी जडवतो. दोघांचे जवळचे नाते नाही, पण जीवनक्रम सारखाच. त्याच्या काही पुट्या तर कित्येक आठवड्यांनी फुटतात. त्यावर ताम्रयुक्त औषध चालते. परंतु तेच औषध प्रवाळांना व कोळंबीला मारक ठरते. म्हणून जाणकार नवा समुद्री मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात आणि औषध लागले तर तेथेच देतात.

वर्ध्याला समुद्र नाही, पण हा धडा आपल्यालाही लागू आहे. एक मोठा टब, हवा सोडणारा छोटा पंप आणि स्वतंत्र जाळी एवढे पुरे. तीन आठवडे नवा मासा त्यात ठेवा. तो दगडाला अंग घासतो काय, कल्ले भराभर हलवतो काय, खातो काय, याची रोज वहीत नोंद करा. आधी जुन्या माशांना खायला घाला, मग नव्यांना. नंतर हात धुवा. रोगाचे लक्षण नसताना उगाच औषध ओतू नका.

"शाळेला एवढा खर्च कसा परवडेल?" असे कोणी शिक्षक विचारतील. माझे उत्तर असे की, ज्या शाळेला टब परवडत नाही, तिने नवा मासाच आणू नये. जिवंत प्राणी पाळणे म्हणजे त्याची जबाबदारी घेणे होय.

आणि प्रश्न केवळ पेटीचा नाही. 1988 साली माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा एक रोग भारतात शिरला. बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव त्याचे कारण. आपल्याकडे आवडीने खाल्ली जाणारी मरळ त्याला सहज बळी पडते. शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो देशोदेशी पसरला असावा, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. तेव्हा आजारी मासा किंवा पेटीतले पाणी धाम नदीत वा गावतळ्यात कधीही टाकू नका. तेथील मासळीवर अनेक ढीवर कुटुंबांची चूल पेटते.

इ. स. 1377 मध्ये रगुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. त्या काळी रोगजंतू कोणालाच ठाऊक नव्हते. तरी माणसे थांबायला शिकली. आपल्याला तर परजीवीचा सारा जीवनक्रम ठाऊक आहे. मग तीन आठवडे धीर धरायला काय हरकत आहे?